मंगळावरचा एक-चौदाचा उतारा

प्रश्न : ताई, मी मंगळावरच्या वसाहतीवर कादंबरी लिहितोय, काळ 2310. मागचा इतिहास पक्का हवा म्हणून 14 पानांची सनावळी केली, त्यात तीन युद्धं, एक साथ आणि 2187 ची क्रांती आहे. पण ज्याला वाचायला देतो तो म्हणतो, ठीक आहे रे, पण खरं वाटत नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमची सनावळी मी पूर्ण वाचली हं, दोनदा. चुकतंय ते एवढंच की 2187 ला क्रांती होते आणि 2188 ला सगळं नवंकोरं, झेंडा नवा, कायदा नवा, चलन नवं, लोकांची आडनावंसुद्धा नवी. अहो, एवढ्या झटपट तर आमच्या घरातली गादी बदलत नाही.

आपल्या गोव्यातच बघा ना. 1510 ला पोर्तुगीज आले, 19 डिसेंबर 1961 ला गेले, आणि त्यांचा 1867 चा सिव्हिल कोड मात्र राहिला. लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, हे आजही त्यातूनच येतं, आपल्या विधानसभेने नंतर वारसाहक्काचा कायदा नव्याने केला त्याचाही सांगाडा तोच. आमच्या घराची वाटणी निघाली तेव्हा कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण, लावली, आणि काकांनी पत्र्याच्या ट्रंकेतून पोर्तुगीजमधले कागद काढले, कसर लागलेले, घडीवर हात लावला तर तुकडा पडेल असे. तीन कागदांवर आमचं आडनाव तीन तऱ्हेने लिहिलेलं! मग ते वाचणारा माणूस शोधा, भाषांतर करा, आणि ही तिन्ही माणसं एकाच घरची आहेत हे सिद्ध करा, यात दीड वर्ष गेलं. घरात पोर्तुगीजचं एक वाक्य धड कुणाला येत नाही, पण माडाची कुठली ओळ कुणाची हे ठरणार त्या कागदावर.

हा तुमचा इतिहास. क्रांतीत कंपनी हाकलली, झेंडा जाळला, पण कुठल्या घराला किती हवा आणि किती पाणी हे कंपनीच्याच जुन्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, मग ते रजिस्टर कोण जाळणार? 2310 मध्ये दोन भाऊ हवेच्या कोट्यासाठी भांडतायत आणि पुरावा म्हणून शत्रूच्या भाषेतला कागद घेऊन आलेत, हे दाखवा, मग क्रांतीवर वेगळं पान खर्च करायला नको. एक-चौदा म्हणजे आपला गोव्याचा जमिनीचा उतारा, महाराष्ट्रातल्या सात-बारासारखा; तर हा मंगळावरचा एक-चौदाचा उतारा म्हणा हवं तर.

आता क्रांतीचं कारण. तुम्ही लिहिलंय 'पृथ्वीच्या जुलमाला कंटाळून'. हे कुठेही चालेल म्हणून तिथे चालत नाही. मंगळाचं स्वतःचं काय आहे ते घ्या ना. दिवस 24 तास 39 मिनिटांचा, म्हणजे रोज जवळजवळ चाळीस मिनिटं पृथ्वीच्या घड्याळाशी वाकडं. यान सोडायची सोयीची वेळ साधारण 26 महिन्यांनी एकदाच येते. आणि निरोप? ग्रह जवळ असले तर 3 मिनिटं, लांब असले तर 22. जुन्या गोव्यात उलटं होतं, लिस्बनहून हुकूमही जहाजातून आणि मालही जहाजातूनच, सहा-सहा महिने प्रवास, त्यामुळे इथला व्हाइसरॉय मधल्या काळात आपल्याला हवं ते करून मोकळा. तुमच्या मंगळावर हुकूम अर्ध्या तासाच्या आत आणि स्पेअर पार्ट दोन वर्षांनी! साहेब तिकडून म्हणतो व्हॉल्व बदला, इकडचा माणूस विचारतो कशाने बदलू, आणि उत्तर येईपर्यंत व्हॉल्व गेलेला. अशी तीन-चार वर्षं काढलेल्या माणसाला क्रांतीसाठी पुढाऱ्याचं भाषण लागत नाही.

त्याच्याच जोडीला खाजनं, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, आठवा. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि बांधाला मानस, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची मोरी, भरतीला तिची दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. यंत्र साधं, पण बांध फुटला तर एकट्याचं शेत जात नाही, सगळ्यांचं जातं, म्हणून सांभाळायला गांवकरी, म्हणजे गावाची सामायिक संस्था, तिचे नियम, तिचा हिशेब, आणि मग त्यातून मान कुणाचा आणि वाटा कुणाचा हेही आलंच. तुमच्या घुमटाची सील कोण दुरुस्त करतं? कादंबरीत ते कुठेच नाही. मला विचाराल तर 2310 चे खानदानी लोक सेनापतींचे वंशज नसावेत, सीलवाल्यांचे असावेत, ज्यांनी एकेकाळी ग्रीसने हात काळे केले आणि आता त्यांची पोरं हात लावत नाहीत.

जागांची नावंही तशीच. तुमच्याच तालुक्यातला मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, 1560 च्या सुमाराला भक्तांनी जुवारीपार प्रियोळात नेला. देव हलला, गाव मागे राहिलं, आठवण दोन्हीकडे. तुमच्या नकाशावर एकही जागा हललेली नाही, हे जरा संशयास्पदच.

आणि एक, सनावळीत प्रत्येक घटनेचा एकच अर्थ आहे. 16 जानेवारी 1967 च्या ओपिनियन पोलला फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. आमच्या आजोबांचं मत फुलाला, त्यांच्या धाकट्या भावाचं दोन पानांना, आणि पुढे चतुर्थीला दोघं एकाच पंगतीत बसायचे पण तो विषय निघाला की एक जण हात धुवायला उठायचा. तुमच्या 2187 बद्दल असं उठून जाणारं कुणीतरी पाहिजे.

प्रश्न : भविष्यातली भाषा दाखवायला नवे शब्द किती घालावेत?
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : थोडे, आणि स्वयंपाकघरात घाला. बटाटा, पाव, चावी, बादली, पगार, सगळे पोर्तुगीजांकडून आले आणि आता कुणाला परके वाटत नाहीत. राजाराणीच्या पदव्या मात्र गेल्या. तुझ्या गोष्टीतल्या सम्राटाला चार अक्षरी अवघड नाव दिलंयस ते काढ, आणि तिथली आजी पाण्याच्या बादलीला काय म्हणते ते आधी ठरव.