डिलीट झालेल्या फाईल्स परत मिळवताना आधी एवढं कर

लॅपटॉपवरच्या फाईल्स डिलीट झाल्या म्हणून लिहिलंस ना, घाबरू नकोस, आशा आहे. रिसायकल बिन बघितलास ना? तिथे नसेल तर आधी लॅपटॉप बंद कर, आत्ताच. डिलीट म्हणजे लगेच पुसलं असं नसतं, विंडोज फक्त ती जागा रिकामी म्हणून धरतं, पण नंतर ब्राउझर उघडलास, एखादा अपडेट आला की तो नेमका तिथेच जाऊन बसू शकतो.

नवीन माणसं हमखास करतात ती चूक म्हणजे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करणं. मी पण केली होती, चवथीचे, म्हणजे गणपतीचे फोटो होते, आजीचा माटोळीखालचा (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात ती) फोटो परत आला तो वरून नीट आणि कपाळाखाली नुसता राखाडी. अजून वाईट वाटतं.

म्हणून:
- हार्डडिस्क काढून यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायचा डबा) घाल, दुसऱ्या कॉम्प्युटरला लाव. जमत नसेल तर म्हापशात, मडगावात रिपेरवाल्याकडून काढून घे.
- तिथून रेकुव्हा किंवा फोटोरेक हे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालव, दोन्ही फुकट मिळतात. फोटोरेकमध्ये फाईलची नावं जातात, तेव्हा शोधाशोध करावी लागेल.
- मिळालेलं सगळं दुसऱ्याच डिस्कवर सेव्ह कर.

डिस्क टकटक वाजत असेल तर काहीच चालवू नकोस, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे ने. आणि आत एसएसडी (फिरणारी नाही, चिपवाली डिस्क) बसवलेली असेल तर ट्रिममुळे, म्हणजे डिलीट झालेलं ती स्वतःच पुसून टाकते म्हणून, चान्स बराच कमी, तरी बघ. गुगल ड्राइव्हचा ट्रॅश पण फोनवरून चेक कर, तिथे ३० दिवस राहतं.

डिस्क कुठली आहे ते सांग, मग पुढचं बघू.