‘गोळ्या नकोत, दुसरं काहीतरी सांगा’

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटची ओळ तीच आहे जी वर लिहिली आहे. त्या ‘दुसऱ्या’बद्दल पुष्कळ सांगणार आहे, पण त्याआधी एक ओळ, जी तू लिहून खोडलीस. ‘आपण नसतोच तर बरं.’ खोडलेलं वाचता आलं. म्हणून सरळ विचारतो: जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, कधी, इथवर विचार गेला आहे का? असं विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचू नकोस. घरातल्या कुणाला तरी आत्ता सांग, एकटी राहू नकोस, आजच्या आज रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.

‘नाही’ असेल तर पुढे.

तू स्वतःला चार वेळा आळशी म्हटलं आहेस. आंघोळीला उठायला दोन तास लागतात, आवडीचं गाणं लावलं तरी आत काही हलत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. आळशी माणूस सुट्टीत मजेत असतो गं. तुला सुट्टीतही काही गोड लागत नाही. मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, या दोहोंपैकी एक तरी, आणि त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा यांतली मिळून पाच लक्षणं, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकली, रोजची कामं अडू लागली, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुला तीन महिने झाले. निदान मी करणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण दार ठोठवायला एवढं पुरेसं आहे.

पहिल्या भेटीत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायचं का, हे विचार. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच विझतो. आणखी एक गोष्ट न विचारता सांग: कधी काही दिवस झोप न घेताही अंगात उधाण आलं होतं का, बोलणं आणि खर्च हाताबाहेर गेला होता का? तसं असेल तर आजार बायपोलर, म्हणजे उदासी आणि उधाण आलटून-पालटून येणारा, असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्यावरची गोळी उलटू शकते. ‘नैसर्गिक’ म्हणून काही घेत असशील तर तेही लपवू नकोस. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती या गोळ्यांसोबत घेतली तर शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं.

गोळ्या लागतीलच असं नाही. त्रास सौम्य असेल तर समुपदेशनाने सुरुवात करता येते. लागल्याच, तर फरक जाणवायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही, आणि मळमळ, अस्वस्थता मात्र आधी येते. पंचविशीच्या आतल्यांवर पहिल्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवायला सांगतात. मी बरं वाटताच मनानेच बंद केल्या होत्या. आठवडाभर डोकं गरगरत होतं, आणि दोन महिन्यांत आजार परत आला. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच वाटतं.

आता ते ‘दुसरं’. समग्र उपचार म्हणजे गोळीऐवजी काही, असं लोक धरून चालतात. मला ते पटत नाही. समग्र म्हणजे काहीच बाहेर न ठेवणं, गोळीसुद्धा.

ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली पन्नाशीच्या पुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना व्यायाम, काहींना सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. सुरुवातीला मात्र गोळीचा गुण लवकर आला. व्यायाम आठवड्यातून तीनदा होता, आणि देखरेखीखाली. म्हणून एकटीने पळायला जा असं म्हणत नाही, कुणाला तरी सोबत घे.

पण तुला आज तेही जमणार नाही, हे मला माहीत आहे. ‘मन लागलं की करीन’ हे वाक्य या आजारात उलटं चालतं: मन लागण्याची वाट पाहत बसलं की ते आणखी खोल जातं. म्हणून कामाचा तुकडा एवढा लहान कर की ‘नाही’ म्हणायला लाज वाटावी. आंघोळ नाही, फक्त टॉवेल काढून ठेवणं. फिरणं नाही, चपला घालून दारापर्यंत. एक वही घे. काय केलं, किती वाजता, आणि त्यातून किती बरं वाटलं, शून्य ते दहा. पहिला आठवडा एक-दोनच पडतील. तरी लिही. कुठल्या वेळी दोनाचे तीन होतात ते वहीत दिसतं, डोक्यात नाही. समुपदेशकाला ही वही दाखव, ते यावरूनच पुढे नेतील.

झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते. ती एकच ठेव, आणि उठल्यावर अर्धा तास उजेडात ये. दारू पूर्ण बंद. आहाराचे अभ्यास आशादायक आहेत, पण लहान आहेत. वेळेवर जेवलीस तरी सध्या पुष्कळ झालं. ध्यानाबद्दल विचारलं होतंस. ध्यानावर उभा असलेला सजगतेचा (माइंडफुलनेस) उपचार सुरुवातीला, बऱ्या झालेल्यांना पुन्हा आजार होऊ नये म्हणून बेतला गेला. आत्ता डोळे मिटून बसलीस तर तेच तेच विचार घुमत राहतील, अशी मला भीती वाटते. ते नंतर.

डॉक्टरांची वेळ घे आणि मला कळव. आत यायचं नाही असं म्हणालीस तर मी बाहेर बाकावर बसेन. वेळ मिळो न मिळो, बुधवारी संध्याकाळी फोन कर. बोलावंसं वाटलं नाही तरी कर, मी बोलेन.

तुझा,
सर