नेल टेक्निशियनचं काम शिकतेय. क्लायंट "असं का करतेस?" म्हणून टोकतात, काय उत्तर द्यावं?

टोकलं की आधी हातातली नखं घासायची फाईल खाली ठेव, मग बोल. काम चालू ठेवून दिलेलं उत्तर सबब वाटतं. माझा नेहमीचा वाद जेल पॉलिश काढताना: "खरवडून टाक ना, 15 मिनिटं ॲसिटोन कशाला?" मी एवढंच म्हणते, "ताई, खरवडलं तर जेलबरोबर नखाचाही पापुद्रा निघतो." मग बहुतेक जणी मुकाट्याने ॲसिटोनचा कापूस लावून बोटांना फॉइल गुंडाळून घेतात. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, कापायचा हट्ट धरला, तरी मी ते फक्त मागे सारते. जंतू आत जाऊ नयेत म्हणूनच ते असतं. खरंच माहीत नसेल तर "मॅडमना विचारून सांगते" म्हण, थापा नकोत. शिकाऊ आहेस हे सुरुवातीलाच सांग, निम्मी कटकट तिथेच मिटते. काही काकूंना मात्र फक्त गप्पा हव्या असतात, त्यांचं मनावर घेऊ नकोस.