पारंपरिक टोमॅटो लावताना आणि वाटताना

पहिल्याच हंगामात टोमॅटोचे दहा पारंपरिक वाण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बियाणे राखून जपलेले वाण, लावण्याचा मोह आवरावा. 'ब्रँडीवाइन' किंवा 'चेरोकी पर्पल' यांसारखे दोन-तीन वाण निवडून त्यांच्याकडे नीट लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. रोप लावताना खोडाचा खालचा भाग पाने काढून मातीत पुरावा, कारण त्या खोडालाही मुळे फुटतात. या वाणांची साल बहुधा पातळ असते आणि कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळाले की फळे तडकतात, म्हणून पाणी नियमित द्यावे आणि बुंध्याशी आच्छादन ठेवावे.

सोबतच्या बागकामप्रेमींना फळे द्यायची असतील, तर रंग चढू लागताच ती तोडावीत. ती घरातही पिकतात आणि नेताना चेंबत नाहीत. मात्र फळांपेक्षा बियाणे वाटणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण संकरित वाणाची पुढची पिढी मूळ झाडासारखी निघेलच असे नसते, पारंपरिक वाणाची मात्र सहसा तशीच निघते. त्यासाठी निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ घ्यावे, गर बियांसह दोन-तीन दिवस आंबू द्यावा, म्हणजे बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग बिया धुऊन सावलीत पूर्ण वाळवाव्यात. टोमॅटोचे फूल बहुतेक स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारे, असले, तरी मधमाश्यांमुळे कधी संकर होतो, त्यामुळे बियांसाठी राखलेल्या घोसावर फुले उमलण्यापूर्वीच जाळीची पिशवी बांधावी. पाकिटावर वाणाचे नाव आणि वर्ष न चुकता लिहावे. नाव खात्रीचे नसेल, तर तेही स्पष्ट नोंदवावे.