पीटर्सबर्गला निघालायस, तर आधी हे वाच

सेंट पीटर्सबर्गमधले चांगले गे-लेस्बियन क्लब कोणते, असं तू विचारलंस. मनापासून सांगतो, जुन्या याद्या बाजूला ठेव.

समलैंगिक संबंध रशियात १९९३ पासून गुन्हा नाहीत. त्यानंतर तिथल्या रात्री खरोखर जाग्या झाल्या होत्या. पण २०१३ मध्ये अल्पवयीनांपुढे समलैंगिकतेच्या 'प्रचारा'वर बंदी घालणारा कायदा आला, २०२२ मध्ये तो सगळ्या वयांना लागू झाला. ३० नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ' अतिरेकी ठरवली. दोन दिवसांत मॉस्कोतल्या क्लबांवर छापे पडले, आलेल्यांच्या पासपोर्टचे फोटो काढले गेले. पीटर्सबर्गचा नावाजलेला 'सेंट्रल स्टेशन' जागामालकाने जागा द्यायला नकार दिल्यावर बंद झाला. पुढच्या मार्चमध्ये ओरेनबुर्गमधल्या एका बारच्या चालकांना अटक झाली. असं ठिकाण चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून कुणी तुला पत्ता दिला, तर तो पुढे कुणालाही पाठवू नकोस. तिथे आत फोटो तर मुळीच काढू नकोस; तू परत येशील, ती माणसं तिथेच राहणार आहेत.

इंद्रधनुष्याचा बिल्ला, स्टिकर घरीच ठेव. नुसतं चिन्ह दाखवलं तरी दंड किंवा पंधरा दिवसांपर्यंत कोठडी होऊ शकते. परदेशी माणसाला 'प्रचारा'साठी देशाबाहेरही काढतात, आणि तू तिथे मेडिकलला असशील तर शिक्षणच संपलं. निघण्यापूर्वी फोनमधली डेटिंग अ‍ॅप आणि चॅट काढून टाक. अ‍ॅपवरून भेटीला बोलावून लुटल्याचे, मारल्याचे प्रकार तिथे जुने आहेत. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेल्यानंतर मुंबईत मिळालेली सवय तिथे नेऊ नकोस, एवढं माझं ऐक.