गिटमध्ये फाइल: काट्यावर चढली तेवढीच पावतीत

प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मधूनच वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. कागल, शिवाजी उद्यमनगर आणि गडहिंग्लज अशा तीन ठिकाणी बसून तुम्ही तिघं ऊस वाहतूकदारांसाठी प्रोग्रॅम लिहिताय: टोळ्यांची उचल, खेपा, डिझेलचा हिशेब. दोघांकडे विंडोज, एकाकडे मॅक, सर्व्हर लिनक्सचा. अडचणी पाच. गिट (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम) वापरताना डेटाबेसच्या पासवर्डची फाइल गिटहबवर, म्हणजे तुमच्या सामायिक ऑनलाइन साठ्यावर, गेली आणि गिटइग्नोरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत) नाव लिहूनही तिथून हटत नाही. पावत्यांच्या फोटोंसाठी केलेलं रिकामं फोल्डर दुसऱ्याकडे पोचत नाही. नाव बदललेल्या फाइलचा जुना इतिहास दिसत नाही. मराठी नावांच्या जागी आकडे दिसतात, आणि शेतकऱ्यांची एक यादी दोनदा आलीय. आणि चुकून उडवलेली फाइल परत हवीय.

कमांड इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

पासवर्डचं आधी, कारण बाकीचं उद्यावर गेलं तरी चालतं. डेटाबेसचा पासवर्ड आत्ता बदला. फाइल गिटमधून काढणं हे त्यानंतरचं काम. एकदा पुश झालेला (गिटहबवर चढवलेला) पासवर्ड फुटला असंच धरायचं, रिपॉझिटरी (प्रोग्रॅमचा गिटमधला साठा) खाजगी असली तरी. पासवर्ड बदलल्यावर:

गिट आरएम --कॅश्ड कॉन्फिग.पीएचपी

यातलं '--कॅश्ड' विसरू नका. ते असेल तर फाइल गिटच्या नोंदीतून जाते पण तुमच्या डिस्कवर राहते. नसेल तर डिस्कवरूनही जाते. मग गिटइग्नोरमध्ये तिचं नाव लिहा आणि दोन्ही बदल एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एका पक्क्या नोंदीत) टाका. तुमचं अडलं ते इथेच: गिटइग्नोर फक्त अजून नोंद न झालेल्या फाइलींना लागू होतं. जी फाइल गिटच्या नोंदीत आहे तिला ते विचारतही नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेक ठिकाणी सांगायची राहते. हा कमिट बाकीच्या दोघांनी पुल केला (आपल्या मशीनवर उतरवून घेतला) की त्यांच्या मशीनवरची कॉन्फिग फाइल डिस्कवरून उडेल, कारण गिटच्या दृष्टीने ती 'काढून टाकलेली' फाइल आहे. त्यांनी तिच्यात बदल केले असतील तर गिट पुल अडवेल. सर्व्हरवर गिट पुलनेच कोड चढवत असाल तर तिथेही हेच होणार आणि चालू प्रोग्रॅम बंद पडणार. म्हणून सगळीकडे आधी फाइलची प्रत फोल्डरच्या बाहेर ठेवा, पुल करा, प्रत परत आणून ठेवा. आणि 'कॉन्फिग.सॅम्पल.पीएचपी' नावाची, खोटे पासवर्ड भरलेली एक फाइल गिटमध्ये राहू द्या, म्हणजे नव्या माणसाला काय भरायचं ते कळतं.

कुणीतरी तुम्हाला 'गिट अपडेट-इंडेक्स --अझ्यूम-अनचेंज्ड' वापरायला सांगितलंय. नका वापरू. ती सोय गिटचा वेग वाढवण्यासाठी आहे, फाइल लपवण्यासाठी नाही.

जुन्या कमिटमध्ये तो पासवर्ड अजून आहेच. तो तिथूनही घालवायचा तर 'गिट फिल्टर-रेपो' हे वेगळं साधन लागतं. ते गिटसोबत येत नाही, पायथनवर चालतं. ताजा क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) घ्या आणि त्यात:

गिट फिल्टर-रेपो --पाथ कॉन्फिग.पीएचपी --इनव्हर्ट-पाथ्स

फाइल आली तिथपासूनच्या पुढच्या सगळ्या कमिटचे क्रमांक बदलतात. हे साधन ओरिजिनचा, म्हणजे गिटहबवरच्या रिपॉझिटरीचा, पत्ताही काढून टाकतं, तो परत जोडून फोर्स पुश (वरचा इतिहास पुसून जबरदस्तीने पुश) करावा लागतो. बाकी दोघांनी जुना क्लोन टाकून नवीन घ्यायचा, नाहीतर त्यांच्या पुढच्या पुशबरोबर जुना इतिहास परत वर येतो. माझं मत विचाराल तर: पासवर्ड बदललाय, रिपॉझिटरी खाजगी आहे, माणसं तीनच आहेत, तर इतिहास तसाच राहू द्या. त्याच फाइलीत शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असले तर मात्र हा खटाटोप टाळू नका.

तुमच्या उरलेल्या अडचणींच्या मुळाशी एक समज आहे: गिट आपल्या फोल्डरवर लक्ष ठेवून आहे आणि जे होतंय ते टिपतंय. तसं नाही. कारखान्याचा काटा तुम्हाला माहीत आहे, त्यावरूनच बघा. ट्रॉली यार्डात उभी आहे, म्हणजे फाइल तुमच्या फोल्डरमध्ये आहे. 'गिट ॲड' म्हणजे ट्रॉली काट्यावर चढली, वजन टिपलं गेलं. 'गिट कमिट' म्हणजे पावती निघाली. काट्यावरून उतरल्यावर ट्रॉलीत आणखी चार मोळ्या टाकल्या तर त्या पावतीत येत नाहीत. अगदी तसंच, ॲड केल्यानंतर फाइलमध्ये चार ओळी वाढवल्या आणि मग कमिट केलं, तर कमिटमध्ये ॲडच्या क्षणीची फाइल जाते. अशा वेळी 'गिट स्टेटस' एकाच फाइलचं नाव दोनदा दाखवतं, एकदा हिरव्यात, एकदा लाल रंगात. ती गडबड नव्हे. 'हिचं अर्धं काट्यावर आहे, अर्धं यार्डात' असा त्याचा अर्थ. 'गिट डिफ' यार्डातलं उरलेलं दाखवतं, 'गिट डिफ --स्टेज्ड' पावतीत जाणारं. कमिटच्या आधी दुसरी कमांड बघायची सवय लावा. पासवर्डची फाइल तिथेच दिसली असती.

म्हणूनच 'गिट ॲड .' हातात बसवू नका. फाइलींची नावं देऊन ॲड करा, किंवा 'गिट ॲड -पी' वापरा. ते एकेक तुकडा दाखवून विचारतं.

रिकाम्या फोल्डरचं उत्तर छोटं आहे. गिट नोंद ठेवतं ती फाइलींची. फोल्डर म्हणजे फाइलच्या पत्त्यातला एक भाग. आत फाइल नसेल तर नोंदवायला काहीच नाही. लोक आत 'डॉट गिटकीप' नावाची रिकामी फाइल ठेवतात. ते नाव रूढीचं आहे, गिटला त्याची ओळख नाही. तुमचं फोल्डर फोटोंसाठी आहे आणि फोटो गिटमध्ये जायला नकोत, तेव्हा त्या फोल्डरच्या आतच एक गिटइग्नोर ठेवा, दोन ओळींचं. पहिल्या ओळीत नुसती चांदणी (*), दुसऱ्या ओळीत '!' आणि त्याला चिकटून गिटइग्नोरचंच नाव, सुरुवातीच्या टिंबासकट. फोल्डर पोचेल, फोटो अडतील. हे वरच्या गिटइग्नोरमधून करायला गेलात आणि तिथे अख्खं फोल्डर वगळलंत, तर आतली फाइल '!' लावून परत घेता येत नाही. वगळलेल्या फोल्डरच्या आत गिट डोकावतच नाही. एखादी फाइल कोणत्या ओळीमुळे वगळली जातेय ते 'गिट चेक-इग्नोर -व्ही' आणि पुढे फाइलचं नाव दिलं की ओळ क्रमांकासह कळतं.

पावत्यांचे फोटो गिटमध्ये का नकोत, हेही सांगतो. फोटो दाबून लहान होत नाहीत, आणि एकदा कमिट झालेला फोटो नंतर काढला तरी इतिहासात राहून प्रत्येक क्लोनबरोबर जातो. गिटहब ५० एमबीच्या वरच्या फाइलला इशारा देतं आणि १०० एमबीच्या वर पुश नाकारतं.

नाव बदलल्यावर इतिहास गेला असं वाटलं, तो गेलेला नाही. 'नाव बदललं' अशी नोंदच गिट ठेवत नाही. 'गिट एमव्ही' वापरा किंवा हाताने बदलून ॲड करा, नोंद एकच: जुनी फाइल गेली, नवी आली. दाखवताना गिट गेलेल्या आणि आलेल्या फाइली ताडून बघतं आणि किमान ५० टक्के जुळल्या तर 'रिनेम' म्हणतं. तुम्ही त्या कमिटमध्ये नाव बदललंत आणि आतलं निम्म्याहून जास्त लिहिलंही नव्याने, म्हणून धागा तुटला. यापुढे नाव बदलण्याचा कमिट वेगळा, आतल्या बदलांचा वेगळा. बघताना 'गिट लॉग --फॉलो' आणि फाइलचं नाव. हे एका वेळी एकाच फाइलला चालतं. आत्ता जुना इतिहास हवा असेल तर 'गिट लॉग', मग स्पेस देऊन '--', मग जुनं नाव. ती फाइल आता डिस्कवर नाही, म्हणून मधलं '--' लागतं.

नावातलं फक्त कॅपिटल अक्षर छोटं केलं असेल तर जास्त जपा. विंडोजला आणि साधारणपणे मॅकलाही ती दोन नावं एकच वाटतात, लिनक्सला वेगळी. तुमच्याकडे प्रोग्रॅम चालतो आणि सर्व्हरवर 'फाइल सापडली नाही' येतं, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. दोन पायऱ्यांत बदला: 'गिट एमव्ही' ने आधी भलतंच नाव द्या, मग हवं ते. 'कोअर.इग्नोरकेस' ची सेटिंग विंडोजवर फॉल्स करू नका, एकाच फाइलच्या दोन नोंदी होऊन बसतील.

आता मराठी नावं. आकडे दिसतात कारण इंग्रजी अक्षरांपलीकडचं काही आलं की गिट त्यातली प्रत्येक बाइट अष्टमान आकड्यांत (फक्त ० ते ७ हे अंक) दाखवतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. 'ऊस' हे नाव ३४० २४४ २१२ आणि ३४० २४४ २७० असं दिसतं, प्रत्येक आकड्याआधी उलटी तिरकी रेघ. फाइल बिघडलेली नाही. हे घाला:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

नावं मराठीत दिसू लागतील. पण थांबा, दोनदा आलेल्या यादीचा छडा लावायला तेच आकडे कामाला येतात. 'शेतकऱ्यांची' मधला 'ऱ्य' तीन तऱ्हांनी लिहिला जातो आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दोन, र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त. तीन, र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. कुणाच्या कीबोर्डवरून काय उमटतं ते डोळ्यांना कळत नाही, आणि गिट नावं बाइटने ताडतं. म्हणून त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. कोटपाथ तात्पुरतं ट्रू करून 'गिट एलएस-फाइल्स' चालवा आणि दोन नावांचे आकडे शेजारी ठेवा. एकात २६१ दिसला तर तो स्वतंत्र ऱ. २६० नंतर ३४० २४४ २७४ आलं तर तो नुक्ता. ३४२ २०० २१५ दिसलं तर ते न दिसणारं जोडचिन्ह. मॅकवरची 'कोअर.प्रीकंपोजयुनिकोड' ही सेटिंग नुक्त्याचा प्रकार जुळवून घेते. जोडचिन्हाचा प्रकार तिच्या आवाक्यात नाही.

दोन्ही याद्या उघडून आतला मजकूर ताडा, एकीतली जास्तीची नावं दुसरीत घ्या, मग एक काढा. आणि उरलेलीचं नाव रोमन करा. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण तो फाइलच्या आत दाखवू: मजकूर, टिप्पण्या, कमिटचे निरोप बिनदिक्कत मराठीत लिहा. फाइलच्या नावात मात्र रोमन छोटी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ एवढंच. नावात अपूर्णविरामही नको. मॅकवरच्या स्क्रिप्टने १०:३० अशी वेळ घालून बॅकअपची फाइल केली आणि ती कमिट झाली, तर विंडोजवर ती उतरतच नाही.

यादी एक्सेलमधून काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात. 'युनिकोड टेक्स्ट' निवडलं तर यूटीएफ-१६ फाइल होते, गिट तिला बायनरी (मजकूर नसलेली) समजतं आणि कोणत्या शेतकऱ्याची ओळ बदलली ते डिफमध्ये दिसत नाही.

एका ओळीचा बदल करून अख्खी फाइल बदललेली दिसते असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते ओळीच्या शेवटच्या खुणांमुळे. विंडोजची वेगळी, मॅक-लिनक्सची वेगळी. रिपॉझिटरीत गिटॲट्रिब्यूट्स फाइल करून त्यात '* टेक्स्ट=ऑटो' लिहा, 'गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .' चालवा, वेगळा कमिट करा. त्या वेळी तिघांचंही काम आधी पुश झालेलं हवं, नाहीतर मर्ज करताना (एकमेकांचे बदल जोडताना) पानापानावर भांडण होईल.

उडवलेली फाइल. अजून कमिट केलं नसेल आणि साध्या डिलीटने गेली असेल, तर 'गिट रिस्टोअर' आणि फाइलचं नाव पुरेसं. 'गिट आरएम' ने काढली असेल तर त्यात '--स्टेज्ड --वर्कट्री' हे दोन्ही द्या. रिस्टोअर २०१९ मध्ये, २.२३ आवृत्तीत आलं; गिट त्याहून जुनं असेल तर आधी अद्ययावत करा. डिलीट कमिट झाली असेल तर ज्या कमिटने ती काढली तो शोधा:

गिट लॉग --डिफ-फिल्टर=डी -- फाइलचं नाव

इथला 'डी' कॅपिटल. मिळालेल्या कमिटच्या आदल्या कमिटमधून फाइल काढा:

गिट रिस्टोअर --सोर्स=कमिटक्रमांक~१ -- फाइलचं नाव

'~१' च्या जागी बरेच जण '^' लिहितात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर त्या चिन्हाचा अर्थ वेगळा असल्याने ते गिटपर्यंत पोचतच नाही, आणि माणूस एक कमिट पुढे बघत बसतो, जिथे फाइल नाही.

रिस्टोअर चालवण्याआधी एक बघा. फाइलमध्ये बदल केले, ॲड केले नाहीत आणि तिच्यावर रिस्टोअर चालवलं, तर ते बदल गिटमधून परत मिळत नाहीत. काट्यावर कधी चढलेच नव्हते. एकदा जरी ॲड केले असतील, कमिट नसले तरी, त्यांची प्रत गिटकडे पडून असते. 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' चालवलं की डॉट गिट फोल्डरच्या आत 'लॉस्ट-फाउंड', त्याच्या आत 'अदर' मध्ये अशा प्रती निघतात. नावं नसतात, ४० अक्षरांचे क्रमांक असतात. त्या उघडून आपली कोणती ते मजकुरावरून ओळखायचं. हे वेळेवर करा. गिट अधूनमधून सफाई करतं आणि अशी बेवारस प्रत साधारण दोन आठवड्यांहून जुनी झाली की त्या सफाईत जाते.