रिपोर्टमध्ये ‘राइट लोअर लोब’ लिहिलंय, लोब म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?

लोब म्हणजे अवयवाचा किंवा पानाचा गोलसर, पुढे आलेला भाग, आणि मूळ ग्रीक ‘लोबोस’, म्हणजे कानाची पाळी, तेच पुढे लॅटिनमध्ये ‘लोबस’ झालं आणि तिथून इंग्रजीत आलं, कुठल्याही चांगल्या डिक्शनरीत सापडेल. तुमच्या रिपोर्टमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा खंड असा अर्थ, उजवीकडे असे ३ असतात, डावीकडे २च. पण प्रत्येक लोब पाळीसारखा बाहेर आलेला असतोच असं नाही हां, मेंदूचे फ्रंटल, टेम्पोरल वगैरे लोब म्हणजे नुसते विभाग, नावंसुद्धा त्यांच्यावरच्या कवटीच्या हाडांची. आणि लोबेलिया फुलाचा याच्याशी काही संबंध नाही, ते लोबेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलंय.